गाईडमध्ये एक, गिलोटिनवर दुसरंच : पर्सोना ५ रॉयलचं फ्यूजन फसतंय तर आधी हे बघा

शाहूपुरीत माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. दिवसा वाढदिवसाचे बॅनर आणि रात्री शटर अर्धं ओढून त्याच पीसीवर पर्सोना. त्यामुळं गल्लीतली पोरं, भाचा, भाच्याचे मित्र सगळे एकच रडगाणं घेऊन येतात, मामा दोन बरोबर टाकले तरी तिसरंच काहीतरी आलं. एवढ्यांदा तेच सोडवलंय की आता लिहूनच ठेवतो, पुढच्या वेळी कोण आलं तर ही पोस्ट दाखवायची आणि मी चहा प्यायला मोकळा.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लढाईत शत्रूला घेरून, त्याच्याशी बोलून आपल्या बाजूला वळवायचं, तो तुमचा पर्सोना होतो. मग व्हेल्व्हेट रूम नावाच्या जेलमध्ये दोन पर्सोना गिलोटिनखाली (मुंडकं उडवायचं यंत्र) द्यायचे आणि त्यातनं तिसरा काढायचा, हेच फ्यूजन. हे मिसळामिसळीचं प्रकरण ह्या घराण्यात १९८७ च्या पहिल्या मेगामी टेन्सेईपासून चालत आलंय, तेव्हा कुणीतरी घाईत जोडलेलं फीचर नाही ते, आत पक्का हिशोब आहे. पोरांना वाटतं नशीब आहे. नशीब फक्त एका ठिकाणी येतं, ते खाली सांगतो.

लक्षणं

तुमचं दुखणं कुठलं ते आधी ओळखा. एक, गाईडमध्ये किंवा व्हिडिओत जे दोन सांगितलेत तेच टाकले पण भलताच पर्सोना दाखवतोय. दोन, बरोबर पर्सोना दाखवतोय पण पुढं जाऊच देत नाही. तीन, पर्सोना आला पण पाहिजे ती स्किल यादीत दिसतच नाही. चार, कन्फर्म करताना बरोबर होतं आणि सायरन वाजत असताना ऍनिमेशन संपल्यावर दुसराच उभा. पाच, गिलोटिन पडायच्या वेळीच गेम बंद पडतोय. पहिली चार म्हणजे तुमची समजूत चुकतीय, गेम ठणठणीत आहे. पाचवं खरं बिघाडाचं, ते शेवटी.

आणि काहीही करायच्या आधी सेव्ह. वेगळ्या स्लॉटमध्ये. फुकट आहे, दहा सेकंद लागतात, तरी कोण करत नाही.

गाईड कुठल्या गेमचं आहे ते बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि निम्मी पोरं इथंच सुटतात. जुना पर्सोना ५ जपानात २०१६ ला आणि बाहेर २०१७ ला आला, त्याचीच वाढीव आवृत्ती रॉयल जपानात २०१९ ला, बाहेर मार्च २०२० ला, आणि पीसीवर २१ ऑक्टोबर २०२२ ला. नाव जवळपास सारखं, चेहरे तेच, त्यामुळं शोधताना जुन्या गेमचं गाईड हमखास पुढ्यात येतं. पण रॉयलमध्ये फेथ आणि काउन्सिलर असे दोन आर्काना नवीन घुसवलेत, नवे पर्सोना आलेत, आणि आर्काना म्हणजे पर्सोनाची जात धरा, कुठली जात कुठल्या जातीबरोबर मिसळली की काय निघतं ह्याचं टेबलच त्यामुळं बदललं. जुन्या टेबलावर मॅजिशियन आणि एम्परर मिसळला की हँग्ड मॅन यायचा, रॉयलमध्ये फेथ येतो. म्हणजे गाईड खोटं नाही, ते दुसऱ्या गेमचं आहे.

ह्याच्याच जोडीला डीएलसी, म्हणजे गेमला वरनं जोडलेला जादा माल, बघा. रॉयलबरोबर जुन्या भागांतले इझानागी, ऑर्फियस वगैरे जादा पर्सोना मिळतात, तुम्ही ते वापरा न वापरा, तुमच्याकडं असले की आपापल्या आर्कानाच्या रांगेत ते जागा अडवतात. ऑनलाईन फ्यूजन कॅल्क्युलेटर वापरत असाल तर त्यात डीएलसीच्या खुणा असतात, त्या तुमच्याकडं जे आहे तसं टिक करा. भाच्याच्या एका मित्रानं ही टिक न करता अख्खी साखळी कागदावर मांडलेली, पाच पायऱ्यांची, दुसऱ्याच पायरीला गाडी घसरली.

पुढं जाऊच देत नाही

इथं तीन गोष्टी बघायच्या. तोच पर्सोना तुमच्या स्टॉकमध्ये आधीच आहे का? एकाच नावाचे दोन ठेवता येत नाहीत, आधी जुना काढा. दुसरं, तुमच्या हिरोची लेव्हल. निघणाऱ्या पर्सोनाची लेव्हल हिरोपेक्षा जास्त असेल तर गेम नुसता दाखवतो, बनवू देत नाही. हे मुद्दाम आहे, नाहीतर पहिल्याच किल्ल्यात कोणीही शेवटचा राक्षस काढून बसला असता. दोन लढाया मारा, लेव्हल वाढवा, परत या, ह्याला दुसरा उपाय शोधत बसू नका. पुढं जेलमधल्या जुळ्या पोरी आहेत ना, कॅरोलिन आणि जस्टिन, त्यांचा स्ट्रेंग्थ कॉन्फिडंट (म्हणजे त्यांच्याशी जमवलेलं स्ट्रेंग्थ आर्कानाचं नातं) रँक १० ला नेला की पैसे मोजून स्वतःपेक्षा वरच्या लेव्हलचा पर्सोना काढता येतो. पैसे बक्कळ लागतात.

तिसरं कुलूप. प्रत्येक आर्कानाचा सगळ्यात वरचा पर्सोना त्या आर्कानाचं नातं पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही. टेम्परन्स आर्कानाचा 'अर्धा' नावाचा पर्सोना पाहिजे तर शाळेतल्या कावाकामी मॅडमचा कॉन्फिडंट शेवटपर्यंत न्यावा लागणार. सॅटनेल हा पर्सोना तर एकदा गेम संपवून नव्यानं सुरू केल्याशिवाय नाहीच, मग कितीपण डोकं आपटा.

आकडा कुठला धरताय

आता मेन मुद्दा. इथं थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त तास ह्यात वाया जातात.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत भाचा दुकानात आला, हातात चौकटीच्या वहीचं पान, त्यावर पेन्सिलनं लिहिलेलं, आर्सेन अधिक पिक्सी बरोबर अगाथियॉन. पुढं मोठ्ठं प्रश्नचिन्ह. म्हटलं बरोबर आहे की, अडचण काय? तर म्हणाला, "मामा मी पिक्सीला ८ पर्यंत नेली, दीड दिवस तिलाच लावून लढलो, म्हटलं आता मोठा रथवाला येईल, तरी तोच टिनपाट अगाथियॉन." चिडलेला पार. आणि पानाच्या खाली रबरानं खोडून खोडून कागद भोकाला आलेला, म्हणजे हिशोब त्यानं केलेला, पण चुकीचा आकडा धरून.

गेम तुमच्या पर्सोनाची आजची लेव्हल बघतच नाही. तो बघतो मूळ लेव्हल, म्हणजे तो पर्सोना कंपेंडियममध्ये (पर्सोनांची नोंदवही) ज्या लेव्हलला जन्माला येतो ती. पिक्सी मूळची २, आर्सेन मूळचा १. पिक्सीला तुम्ही ८ ला न्या नाहीतर ८० ला न्या, गिलोटिनच्या लेखी ती २ चीच. कुस्तीत वजन करून घेतात ते आखाड्याबाहेर, नंतर तुम्ही दोन लिटर दूध प्यायलात म्हणून गट बदलत नाही, तसंच धरा.

हिशोब असा. दोघांच्या मूळ लेव्हलची बेरीज, भागिले दोन, अपूर्णांक सोडून द्या, मग एक मिळवा. आर्सेन १ आणि पिक्सी २, बेरीज ३, निम्मे दीड, सोडून राहिला १, अधिक १ म्हणजे २. आता आर्काना, आर्सेन 'फूल' (इंग्रजीतला Fool) आणि पिक्सी लव्हर्स, हे मिसळले की चॅरियट, म्हणजे भाच्याचा रथवाला. चॅरियटच्या रांगेत २ किंवा त्याच्या वरचा पहिला कोण? अगाथियॉन, मूळ ३. आला. आर्सेनबरोबर पिक्सीऐवजी जॅक-ओ-लँटर्न टाका, तो मॅजिशियन, त्याचीही मूळ लेव्हल २, आकडा तोच २ निघणार पण फूल आणि मॅजिशियन मिसळले की डेथ, म्हणून मँड्रेक, मूळ ३.

आणि जॅक-ओ-लँटर्न अधिक पिक्सी घेतलं तर? २ आणि २, निम्मे २, अधिक १ म्हणजे ३. मॅजिशियन आणि लव्हर्स म्हणजे डेव्हिल. डेव्हिलच्या रांगेत ३ च्या वरचा पहिला इनक्यूबस, त्याची मूळ लेव्हल ५. म्हणजे हिशोब ३ चा आणि निघाला ५ चा. हिरो ४ वर असेल तर झालं, तीच वरची अडचण, दिसतोय पण बनत नाही. दोन लक्षणं एकाच कारणातनं कशी निघतात बघा.

भाच्याला एवढंच सांगितलं की मोठा चॅरियट पाहिजे तर मूळ लेव्हल जास्त असलेले दोन मिसळ, पिक्सीला दूध पाजून काय होत नाही. पिक्सी वाढवण्याचा एक फायदा मात्र आहे, तिला जादा स्किल येतात आणि त्या पुढं देता येतात. म्हणजे दीड दिवस अगदीच मातीत गेला नाही. तो हे ऐकून शांत झाला नाही तो भाग वेगळा.

खाली का चाललंय

एकाच आर्कानाचे दोन मिसळले की जात तीच राहते, पण इथं गेम वर न जाता त्या आकड्याच्या खालचा पर्सोना देतो, घटक सोडून. म्हणून दोन जादूवाले मिसळून भारी जादूवाला काढायला गेलेले लोक हात चोळत बसतात. अगदी तळाचे दोन असले तर खाली कोण शिल्लकच नसतं. वर चढायचं असेल तर वेगवेगळ्या आर्कानाचे घ्या.

दुसरा अपवाद दागिन्यांचा. रीजंट, क्वीन्स नेकलेस, ऑर्लोव्ह, होप डायमंड, आणि हो, कोहिनूर. हे खजिन्याचे राक्षस, लढाईत भेटतात आणि हात लावेपर्यंत पळतात. फ्यूजन करून ते निघत नाहीत, पकडावेच लागतात. ह्यातला एक कुठल्याही साध्या पर्सोनाबरोबर टाकला की वरचा हिशोब पूर्ण बाजूला, त्या साध्या पर्सोनाचीच जात राहते आणि तो आपल्या रांगेत काही पायऱ्या वर नाहीतर खाली सरकतो. वर की खाली, ते कुठला दागिना कुठल्या आर्कानाबरोबर आहे त्यावर ठरतं. म्हणून कोहिनूर हाताला लागला म्हणून लगेच खपवू नका (खेळात तरी परत मिळालाय!), आधी नुसता निवडून निकाल काय दाखवतोय ते बघा आणि मागे फिरा. बघायला पैसे लागत नाहीत.

टेबलात न बसणारे

काही पर्सोना फक्त ठरलेल्या घटकांतनंच निघतात, तिथं सरासरी वगैरे काही नाही. बारोंग आणि रंगदा मिसळले की शिव. शिव आणि पार्वती मिसळले की अर्धा, म्हणजे आपला अर्धनारीनटेश्वर. हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही, जपानी माणसानं बरोबर अभ्यास केलाय. दुकानात एका काकांनी स्क्रीनवर हे बघितलं आणि विचारलं देवांना कशाला कापताय, त्यांना समजावताना माझी अर्धी संध्याकाळ गेली.

तीन किंवा जास्त घटकांचं असेल तर साध्या गिलोटिनमध्ये शोधून सापडणार नाही, त्याची वेगळी सोय आहे आणि ती जुळ्या पोरींचा कॉन्फिडंट सुरुवातीला थोडा पुढं नेल्यावर उघडते. फ्लाउरोस पाहिजे तर बेरिथ, आंद्रास आणि एलिगोर. बग्स पाहिजे तर पिक्सी, पिशाच आणि हारिती. ह्यातला एक जरी स्टॉकमध्ये नसला तरी ते अडतं, आणि इथं मग स्टॉकची जागा चावते, कारण सुरुवातीला फक्त सहा पर्सोना ठेवता येतात आणि फूल आर्कानाचा कॉन्फिडंट वाढत जाईल तशी बारापर्यंत जागा मिळते. घटक कंपेंडियममधनं पैसे देऊन परत बोलवता येतात, तेव्हा जागा मोकळी ठेवूनच आत जा.

स्किल दिसत नाही

कॉन्फिडंट पुढं न्यायला जुळ्या पोरी पहिल्यांदा मागतात तो माबुफू ही बर्फाची स्किल येणारा जॅक फ्रॉस्ट. इथं हमखास पोरं अडकतात. नव्या पर्सोनाला द्यायची स्किल घटकांपैकी कुणाला तरी आत्ता येत असली पाहिजे, पुढच्या लेव्हलला येणार आहे ती मोजत नाहीत. ती आत्ता येत नसेल तर तो घटक अजून थोडा लढवा. येत असूनही दिसत नसेल तर नव्या पर्सोनाचा स्वभाव आडवा येतोय, बर्फवाल्या जॅक फ्रॉस्टला 'आगी' ही आगीची स्किल तुम्ही कितीपण द्या, तो घेणार नाही. ह्यावर इलाज नाही, उगाच दहा जोड्या बदलत बसू नका. आणि किती स्किल देता येणार हे दोन्ही घटकांना मिळून किती स्किल येतात त्यावर ठरतं, म्हणून नुकतेच पकडलेले दोन रिकामे पर्सोना मिसळले की जागा कमी मिळतात.

पीएस२ वरच्या जुन्या पर्सोना ३ आणि ४ मध्ये स्किल आपोआप पडायच्या आणि लोक पाहिजे तो जोड येईपर्यंत रद्द करून परत, रद्द करून परत असं तासभर करायचे. आता निवडता येतं, तरी जुने खेळाडू सवयीनं बाहेर जाऊन परत येतात. काही बदलत नाही भावांनो.

माझी स्वतःची चूक इथंच सांगतो. एक पर्सोना जवळजवळ आठवडा खपून तयार केलेला, आठही स्किल माझ्या पसंतीच्या. कंपेंडियममध्ये नव्यानं रजिस्टर न करता तो पुढच्या फ्यूजनला टाकला. परत बोलवला तर जुन्या नोंदीप्रमाणं कोरा. तेव्हापासनं आधी रजिस्टर, मग गिलोटिन.

सायरन वाजत असताना

नशीब येतं ते इथं. रॉयलमध्ये लढता लढता कधी फ्यूजन अलार्म सुरू होतो, व्हेल्व्हेट रूम लालेलाल. त्या वेळी निघालेला पर्सोना जास्त दणकट असतो, पण अपघाताची शक्यता पण वाढते आणि ठरवलेल्याऐवजी तिसराच कोणीतरी बाहेर येतो. चौथं लक्षण म्हणजे हेच. अलार्ममध्ये करायचं तर सेव्ह करूनच आत जायचं, फसलं की लोड. एकामागनं एक पाच-सहा उरकायचा लोभ नको. आणि ज्याचा घटक परत मिळायला त्रास आहे तो अलार्ममध्ये खपवायचाच नाही.

गेमच बंद पडतोय

इथनं पुढं गेमचा हिशोब संपला, यंत्राचा सुरू झाला. पीसीवर आधी स्टीममध्ये फाईल तपासायचा पर्याय वापरा, खराब फाईल तो परत उतरवून घेतो, नेट सोडून खर्च नाही. मग ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर. मग पीसी उघडून धूळ. माझ्या दुकानात फ्लेक्सची आणि रस्त्याची धूळ मिळून पंख्यावर गोधडी तयार होते, ब्लोअर मारल्यावर निम्मं दुखणं गेलं, कारण कार्ड तापलं की गेम मधेच आटपतो आणि आपण पर्सोनाला दोष देतो.

पीएस४ वर सीई-३४८७८-० असा कोड येत असेल तर तो गेम कोसळल्याचा सर्वसाधारण कोड आहे. आधी गेम अपडेट करा, मग सेव्ह पेनड्राईव्हवर काढून घ्या, मग कन्सोल बंद करून पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत दाबून धरा, सेफ मोड येतो, त्यात पाचवा पर्याय डेटाबेस परत बांधायचा. त्यानं सेव्ह जात नाहीत. त्याच्या खालचे पर्याय मात्र वाचल्याशिवाय दाबू नका, सगळं पुसणारे तिथंच बसलेत. पावसाळ्यात लाईट जाते येते तेव्हा यूपीएस नसेल तर सेव्ह होत असताना गेलेली लाईट फाईल खाते, म्हणून एकाच स्लॉटवर सेव्ह मारत राहायचं नाही.

आता थांबायचं कुठं. दुसरे गेम पण असेच बंद पडत असतील, पीसी अख्खाच बंद होत असेल, जळका वास येत असेल किंवा हार्ड डिस्क टकटक करत असेल तर तिथंच बंद करा, प्लग काढा आणि दुरुस्तीवाल्याकडं न्या. पॉवर सप्लायचा डबा घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत करंट साठून असतो. टकटकणारी डिस्क परत परत चालू करून सेव्ह वाचवायला गेलात तर वाचण्यासारखं होतं तेवढंही जातं. आणि सेव्ह दुरुस्त करून देतो म्हणणारी कुठली तरी फाईल नेटवरनं उतरवू नका, एका पोरानं ती उतरवली आणि सेव्ह तर नाहीच, त्याच्या ताईच्या प्रोजेक्टचे फोटो पण गेले. सेव्ह खराब असल्याचाच मेसेज येतोय आणि जुना स्लॉट नाही, क्लाउडवर नाही, तर कंपनीच्या सपोर्टला विचारा, माझ्या हातात काही नाही.

एवढं सगळं करून अडलंच तर या दुकानात, पण येताना गेम जुना की रॉयल ते, हिरोची लेव्हल, दोन्ही पर्सोनांच्या मूळ लेव्हल आणि निकाल दाखवतोय त्या स्क्रीनचा फोटो घेऊन या. चौकटीच्या वहीचं पान पण चालेल. सातच्या आत येऊ नका, तोवर मशीनवर बॅनर चालू असतो.